उत्तरेस रूळ, दक्षिणेस नाला

गौरीपूजनाच्या दिवशी, १ सप्टेंबर २०२५ ला, जेवणं उरकल्यावर आमच्या हॉलमधल्या सतरंजीवर नकाशा पसरला गेला. चार कागद चिकटपट्टीने जोडून केलेला. तिसऱ्या मजल्यावरचे काका तो गुंडाळी करून घेऊन आले होते. काका भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशात अजून टोक काढलेली पेन्सिल असते. पंख्याने कागद उडू नये म्हणून त्यांनी चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि म्हणाले, "ताई, हा बघा नाला. रेघ नाल्यावरून गेलीय. आपण अलीकडे. शाळा, भाजीबाजार, तुमचं मंडळ, सगळं पलीकडे. वॉर्ड फुटला आपला."

महापालिकेच्या या प्रारूप प्रभाग रचनेवर हरकत नोंदवायला ४ सप्टेंबरपर्यंत मुदत होती. त्यात दुसऱ्याच दिवशी, २ सप्टेंबरला, गौरींचं विसर्जन.

मी पस्तीस वर्षं डोंबिवलीत राहते. लोकसभा, विधानसभा, पालिका, एकही मतदान चुकवलेलं नाही. पण ज्या रेघांच्या आत उभी राहून मी मत देते त्या रेघा कोण आखतं, कशाच्या आधारे आखतं आणि आखताना मला काही विचारतं का, हे मला त्या दुपारपर्यंत नीट माहीत नव्हतं. विचारतात. आधी प्रारूप प्रसिद्ध होतं, मग हरकती आणि सूचना मागवतात, मग सुनावणी होते. हे सगळं दरवेळी माझ्या उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेलं होतं.

प्रारूपात नकाशाच्या जोडीला हद्दीचा तपशील शब्दांतही दिलेला असतो. प्रत्येक प्रभागाच्या नावाखाली चार दिशा. अमुक चौकापासून तमुक नाल्यापर्यंत, तिथून रस्त्याने पुढे रेल्वे रुळांपर्यंत. वाचताना मला आजोबांच्या खरेदीखतातली चतुःसीमा आठवली: पूर्वेस अमक्याची वाडी, पश्चिमेस पाणंद. काका म्हणाले, ही लिहिण्याची तऱ्हा ठाण्याला हजार वर्षांपासून ठाऊक आहे. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला. शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा. त्यात दान दिलेल्या गावाच्या चारही सीमा सांगितल्या आहेत: पूर्वेला एक गाव आणि डोंगरावरून कोसळणारा पाण्याचा प्रवाह, पश्चिमेला नदी, दक्षिणेला आणि उत्तरेला शेजारची गावं. दान घेणाऱ्याने जाऊन बघावं आणि आपली जमीन ओळखावी, इतकं स्पष्ट. जमिनीवर बोट ठेवून दाखवता आली पाहिजे, हीच हद्दीची कसोटी तेव्हाही होती.

प्रभाग आखण्याचे आजचे नियमही त्याच वळणाचे आहेत. सुरुवात शहराच्या उत्तरेकडून करायची, तिथून ईशान्येकडे, मग पूर्वेकडे यायचं, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकायचं आणि शेवट दक्षिणेत करायचा. क्रमांक त्याच ओघाने पडतात. हद्द शक्यतो मोठा रस्ता, नदी, नाला, डोंगर, रूळ, उड्डाणपूल अशा ठळक खुणांवरून न्यायची. जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे जनगणनेसाठी केलेला घरांचा सर्वांत लहान गट, शक्यतो फोडायचा नाही. इमारत किंवा चाळ मधोमध कापायची नाही. अनुसूचित जाती-जमातींची वस्ती दोन प्रभागांत विभागायची नाही. या शेवटच्या नियमामागे साधं गणित आहे. राखीव जागा लोकसंख्येतल्या प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने ठरतात. एखादी वस्ती दोन तुकड्यांत वाटली गेली, तर दोन्हीकडे तिचं प्रमाण पातळ होतं आणि जागा तिसऱ्याच प्रभागात जाते. तिथल्या माणसांना कळतही नाही की आपली जागा एका रेघेने गेली. त्यामुळे मला हा सगळ्या नियमांतला सर्वांत मोलाचा नियम वाटतो.

आणि मग दहा टक्क्यांचा नियम. इथे काकांनी वहीचं पान फाडून घेतलं.

आधी ठाण्याचं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८,४१,४८८. कायदा म्हणतो, १२ लाखांवर आणि २४ लाखांपर्यंत लोकसंख्या असेल तर किमान ११५ नगरसेवक, आणि १२ लाखांपुढच्या दर ४० हजारांमागे एक वाढीव. वरच्या ६,४१,४८८ लोकांत ४० हजार सोळा वेळा बसतात. ११५ आणि १६, झाले १३१. आता १८,४१,४८८ ला १३१ ने भागलं की एका नगरसेवकामागे १४,०५७ माणसं. चार सदस्यांच्या प्रभागात त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे ५६,२२९. दहा टक्के इकडे किंवा तिकडे चालतात. म्हणजे प्रभाग साधारण ५०,६०० पेक्षा लहान नको आणि ६१,८५० पेक्षा मोठा नको.

कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या २७ गावं धरून १५,१८,७६२. त्याच पायरीने ११५ आणि ७, म्हणजे १२२ नगरसेवक. आणखी १,२३८ माणसं २०११ च्या कागदावर असती तर १२३ वा नगरसेवक मिळाला असता. काकांनी त्या १,२३८ भोवती दोनदा गोल केला. कारण २०११ नंतर जनगणनाच झालेली नाही. २०२१ ची लांबली. आता पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. म्हणजे चौदा वर्षांपूर्वीच्या माणसांवर २०२५ मध्ये रेघा आखल्या गेल्या. निळजे-काटईकडे शिळफाट्याच्या रस्त्याने जाताना पलावाचे टॉवर दिसतात, एकेका टॉवरमध्ये एकेक गाव. २०११ च्या मोजणीच्या वेळी तिथे नुकती पायाभरणी चालली होती. घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना त्यानंतर उभी राहिलेली संकुलं घ्या, दिव्याच्या स्टेशनाबाहेर सकाळी उसळणारी गर्दी घ्या. ही माणसं मतदार यादीत आहेत, पाणीपट्टी भरतात, लोकलच्या दारात लटकतात. पण प्रभाग मोजताना ती नाहीत. समान लोकसंख्येसाठी केलेला दहा टक्क्यांचा नियम जुन्या आकड्यांवर पाळला की एका नगरसेवकामागे कुठे पंधरा हजार माणसं येतात आणि कुठे त्याच्या कितीतरी पट. याला कुठल्याही हरकतीने उत्तर देता येत नाही, कारण सुनावणीत लोकसंख्येचा आकडा बदलून मागता येत नाही. मला हा या प्रक्रियेचा सगळ्यात मोठा दोष वाटतो. तो एका महापालिकेचा दोष नाही, देशाने मोजणी लांबवल्याचा आहे.

प्रभाग किती सदस्यांचा, हाही प्रश्न दर वेळी नव्याने पडतो. मुंबईत एक प्रभाग, एक नगरसेवक. बाकी महाराष्ट्रात मात्र सरकार बदललं की पद्धत बदलते. ठाण्यात २०१२ ला दोन-दोनचे प्रभाग होते, २०१७ ला चार-चारचे. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०१५ ला १२२ प्रभागांतून एकेक नगरसेवक निवडून आला. आताही नगरसेवक १२२ च आहेत, पण प्रभाग ३१: चार सदस्यांचे २९ आणि तीन सदस्यांचे २. ठाण्यात ३३ प्रभाग: चार सदस्यांचे ३२ आणि तीन सदस्यांचा १. लोक याला पॅनेल म्हणतात. "चारचं पॅनेल." मतदार चार मतं देतो, अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी. गटार तुंबलं तर चौघांपैकी कुणाच्या दारात जायचं, हे कायद्यात लिहिलेलं नाही. एकाच्या प्रभागात मी त्या माणसाचं घर ओळखत होते. पन्नास हजारांच्या प्रभागाच्या दुसऱ्या टोकाला मी पस्तीस वर्षांत एकदाही गेलेले नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर काकांनी एक प्लास्टिकची पिशवी उघडली. त्यात २०२२ च्या हरकतीची पोच होती, शिक्का मारलेली. ती गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण लोक सुनावणीला का जात नाहीत याचं बरंचसं उत्तर तिच्यात आहे.

कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. २०२१ च्या अखेरीस राज्य सरकारने दहा वर्षांत वाढलेली वस्ती लक्षात घेऊन नगरसेवकांची संख्या वाढवली. किमान ११५ च्या जागी १२६. त्या हिशेबाने ठाण्याला १४२ आणि कल्याण-डोंबिवलीला १३३. प्रभाग तीन-तीनचे: ठाण्यात ४७, इकडे ४४. राज्य निवडणूक आयोगाने १४ महापालिकांची प्रारूप रचना १ फेब्रुवारी २०२२ ला प्रसिद्ध केली. १४ फेब्रुवारीपर्यंत हरकती, २६ फेब्रुवारीपर्यंत सुनावण्या. काका गेले, बोलले. त्यानंतर दहाच दिवसांत, ७ मार्चला, विधिमंडळाने कायदा बदलला आणि प्रभाग आखण्याचा अधिकार आयोगाकडून सरकारकडे घेतला. चालू असलेली सगळी प्रक्रिया रद्द.

४ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला सांगितलं की ११ मार्चपूर्वी जी रचना होती तिच्यावर पुढे चला. मे महिन्यात अंतिम रचना प्रसिद्ध झाली. ३१ मेला आरक्षणाच्या सोडती निघाल्या. जूनअखेर सरकार बदललं. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने वटहुकूम काढून नगरसेवकांची संख्या पुन्हा २०१७ सारखी केली, म्हणजे रचनाही गेली आणि सोडतही गेली. २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे'चा आदेश दिला आणि मग सगळं थांबलं ते ६ मे २०२५ पर्यंत. त्या दिवशी न्यायालयाने सांगितलं, चार आठवड्यांत निवडणुकांची अधिसूचना काढा आणि चार महिन्यांत निवडणुका घ्या. १० जूनला सरकारने प्रभाग रचनेचे आदेश दिले. प्रारूप ऑगस्टच्या अखेरीस आलं. १६ सप्टेंबरला न्यायालयाने मुदत वाढवून ३१ जानेवारी २०२६ केली.

या तीन वर्षांत किती माणसांनी रजा टाकून, दुकान बंद ठेवून, नातवाला शाळेतून आणायचं कुणावर तरी सोपवून सुनावणीला हजेरी लावली असेल. त्यांची बाजू बरोबर की चूक, हा प्रश्नच उरला नाही. ज्या नकाशावर ती बोलली तो नकाशाच गेला. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, नागरिकाला बोलावून त्याचं म्हणणं ऐकलं आणि मग सगळा डाव उधळला, तर पुढच्या वेळी त्याला बोलावण्याचा नैतिक अधिकार कमी होतो. हे मी रागाने लिहिते आहे. काकांना मात्र राग आलेला दिसला नाही. ते म्हणाले, "माझी पोच माझ्याकडे आहे. मी सांगितलं होतं, एवढं तरी राहिलं."

कल्याण-डोंबिवलीला नगरसेवकांशिवाय राहण्याची जुनीच सवय आहे, असं कुणी म्हणालं तर मला वाईट वाटतं, पण इतिहास तसा आहे. महापालिका १ ऑक्टोबर १९८३ ला स्थापन झाली आणि पहिली निवडणूक झाली १९९५ मध्ये. बारा वर्षं प्रशासक. २०२० पासून पुन्हा पाच वर्षं प्रशासक. शेजारच्या ठाण्याची महापालिका त्याच्या वर्षभर आधी, १ ऑक्टोबर १९८२ ची, आणि तिथे पहिली निवडणूक १९८६ ला झाली.

आमच्याकडे हद्दीचा प्रश्न पालिकेच्या आत जितका आहे त्याहून जास्त पालिकेच्या कडेला आहे. २७ गावांचा. भोपर, संदप, उसरघर, घारिवली, आजदे, सागाव, दावडी, पिसवली, माणगाव, हेदुटणे. ही गावं १९८३ ला महापालिकेत आली, २००२ ला वगळली गेली, १ जून २०१५ ला पुन्हा आत घेतली गेली. त्या वर्षीच्या निवडणुकीवर गावांतल्या अनेकांनी बहिष्कार टाकला होता. त्यांची मागणी स्वतंत्र नगरपालिकेची. जून २०२० मध्ये सरकारने १८ गावं वगळून वेगळी नगर परिषद करायचं ठरवलं, ९ गावं आत ठेवली, आणि ४ डिसेंबर २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. बेचाळीस वर्षांत एकाच गावाचा कारभार तीन वेळा बदलला. तिथल्या एखाद्या आजोबांना प्रभागाच्या प्रारूपावर हरकत विचारली, तर ते आधी विचारणार, गाव पालिकेत राहणार आहे का ते सांगा. या गावांतल्या आगरी समाजात गावाची शीव नुसती रेघ नसते. शिवेवर देव असतो, तिथे मान असतो, कुणाचा नारळ आधी हे ठरलेलं असतं. दोन गावं एका प्रभागात टाकली की दोन मान एका उमेदवारीत टाकले जातात. नकाशावर काम करणाऱ्याला हे दिसत नाही. सांगायला माणूस लागतो.

हरकत लिहायला बसलो तेव्हा पहिला कच्चा कागद मी लिहिला. चार परिच्छेद, अन्याय, गैरसोय, भावना. काकांनी तो वाचला आणि घडी घालून परत दिला. म्हणाले, यातलं सगळं खरं आहे, पण अधिकाऱ्याला यातून काही करता येणार नाही. नियमाप्रमाणे नाला ही चांगली हद्द आहे. तुम्ही म्हणताय नाला हद्द नको, तर का नको ते नियमानेच सांगा. आणि आपली वस्ती पलीकडच्या प्रभागात टाका म्हणताय, तर तिथले आकडे दहा टक्क्यांच्या वर जातील का ते बघा. तिथून तेवढीच माणसं कुठे काढायची तेही सांगा. नुसतं "आम्हाला इथून उचला" म्हटलं की उत्तर ठरलेलं.

म्हणून २ सप्टेंबरला, विसर्जनाला जायच्या आधी, आम्ही हद्द चालून आलो. काका, मी आणि तळमजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी, जिने फोनवर प्रत्येक वळणाचं ठिकाण टिपलं.

हा भाग मला आयुष्यभर लक्षात राहील. माझ्याच वस्तीची प्रदक्षिणा मी कधी घातली नव्हती. रुळांच्या कुंपणाला लागून एक पायवाट आहे, तिथे अळू आणि केळी लावलेल्या. तिच्या टोकाला नाला मोरीखालून बाहेर येतो. प्रारूपात लिहिलं होतं, तिथून नाल्याने दक्षिणेकडे. आम्ही नाल्याने दक्षिणेकडे गेलो. दोनशे पावलांवर एक साकव लागला. सिमेंटचे दोन खांब, वर लोखंडी पत्रा, एका बाजूला कठडा. शाळा सुटायची वेळ होती. पंधरा मिनिटं उभं राहून त्या मुलीने मोजलं: पंच्याऐंशी माणसं त्यावरून गेली. शाळेतली मुलं, पाठीवर दप्तर आणि हातात चप्पल. पातेल्यात मोदक झाकून नेणारी एक बाई. कापडात गुंडाळलेली ढोलकी घेऊन एक मुलगा. दोन सासू-सुना, गौरींच्या मुखवट्यांची टोपली मधे धरून.

काकांनी नकाशा उघडून बघितला. साकव नकाशावर नव्हता.

"हे लिहा," काका म्हणाले.

मग आमची हरकत बदलली. नियमांत जसा नाला आहे तशीच दळणवळणाची आणि नागरी सोयींची बाबही आहे. वस्तीतली माणसं जी शाळा, जो बाजार, जो दवाखाना वापरतात तो शक्यतो त्यांच्याच प्रभागात असावा. आम्ही लिहिलं: या ठिकाणी साकव आहे. या साकवावरून अलीकडची वस्ती पलीकडची शाळा आणि बाजार वापरते. प्रारूपातल्या प्रभागाच्या उरलेल्या भागात जायला या वस्तीला रुळांखालच्या बोगद्याला वळसा घालावा लागतो. सबब हद्द नाल्याऐवजी मागच्या मोठ्या रस्त्याने न्यावी. आणि त्याने पलीकडच्या प्रभागात जितकी माणसं वाढतील तितकी कमी करण्यासाठी अमुक रस्त्याच्या पश्चिमेचा भाग शेजारच्या प्रभागात द्यावा. सोबत हाताने काढलेला नकाशा, साकवाचा फोटो, पंधरा मिनिटांची मोजणी. दोन प्रती. ३ तारखेला दिली, पोच घेतली.

सहीसाठी इमारतीत फिरले तेव्हा तेवीस घरांपैकी एकोणीस घरांनी सही केली. दोघांनी विचारलं, यात कुठला पक्ष आहे. एकीने विचारलं, आपलं नाव मतदार यादीतून तर जाणार नाही ना. मी सांगितलं, यादी वेगळी, रचना वेगळी. तिने सही केली आणि मला तिळाचा लाडू दिला.

सुनावणीच्या दिवशी सभागृहाबाहेर सगळ्यांत आधी दिसले ते इच्छुक. माजी नगरसेवक, त्यांचे कार्यकर्ते, त्यांच्या फायली. त्यांच्याकडे गेल्या निवडणुकीची बूथनिहाय मतं होती. त्यात गैर काही नाही. ज्याला निवडणूक लढवायची आहे त्याला हद्द कळते, म्हणून तो येतो. त्यांच्यातल्या काहींच्या हरकती अभ्यास करून लिहिलेल्या होत्या, आमच्याहून कितीतरी नेमक्या. पण त्या रांगेत ज्यांना लढवायचं नाही, नुसतं राहायचं आहे, अशी माणसं थोडी होती. मी मोजली नाहीत. एका हाताच्या बोटांवर मावतील इतकी ओळखू आली. दोन पेन्शनर, एक गृहनिर्माण संस्थेची सचिव, बौद्धवाड्यातून आलेला एक तरुण, ज्याने वस्तीच्या नकाशावर लाल शाईने दाखवलं होतं की रेघ समाजमंदिराच्या कोणत्या भिंतीला लागून जाते.

रांगेत बसून मी विचार करत होते की हे बाहेर कसं करतात. इंग्लंडमध्ये खासदारांच्या मतदारसंघांची फेररचना करणारा सीमा आयोग आलेली प्रत्येक सूचना प्रसिद्ध करतो आणि मग दुसऱ्या फेरीत सगळ्यांना एकमेकांच्या सूचनांवर बोलायला बोलावतो. तुम्ही साकव म्हणालात, तर पलीकडचा शेजारी म्हणू शकतो, आम्हाला तुमच्यात यायचं नाही. कॅलिफोर्नियात तर रेघा आखणारा आयोगच चौदा साध्या नागरिकांचा असतो आणि त्याच्यासमोर लोक येऊन सांगतात, आमची वस्ती कुठून कुठपर्यंत आणि आम्हाला कशाने एकत्र धरलंय: एक कारखाना, एक देऊळ, एक नदी. आपल्याकडे लोकसभा-विधानसभांच्या फेररचनेत निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने जाहीर बैठका घेतल्या होत्या. त्या रचनेतूनच २००९ ला पहिल्यांदा कल्याण लोकसभा मतदारसंघातून खासदार निवडला गेला. नगरसेवकाच्या पातळीवर मात्र सुनावणी सरकारने नेमलेला प्राधिकृत अधिकारी घेतो. तो शिफारस करतो, आणि प्रभाग अंतिम होतात राज्य निवडणूक आयोगाच्या मान्यतेने. कोणती हरकत का मान्य झाली आणि कोणती का नाही, हे कारणांसह एकाच ठिकाणी वाचायला मिळालं तर पुढच्या वेळी दहापट लोक येतील, असं मला मनापासून वाटतं. राज्यघटनेच्या २४३ झेडजी कलमाने प्रभाग आखणीच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्याचं दार बंद केलं आहे. मग या एका खोलीत जे बोललं जातं त्याला किती जपायला हवं.

आमचा क्रमांक पुकारला गेला. टेबलामागे अधिकारी, शेजारी पालिकेचे अभियंता, समोर मोठा नकाशा. काका मागे राहिले. म्हणाले, "तुम्ही बोला, तुमची वस्ती." मी कागदावरचं वाचायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांनंतर थांबले, कारण अधिकाऱ्यांनी हात वर केला होता. त्यांनी विचारलं, "साकव म्हणताय तो नेमका कुठे?"

मी नकाशाजवळ गेले. रूळ सापडले, मोरी सापडली. तिथून दोनशे पावलं. मागून काकांनी खिशातली पेन्सिल माझ्या हातात दिली. मी नाल्यावर आडवी एक छोटी रेघ ओढली. अभियंता उठून पुढे आले, वाकून बघितलं, आणि म्हणाले, "हा पावसाळ्यात पाण्याखाली जातो का?"

"नाही," मी म्हणाले. "पाणी पत्र्याला लागतं. पण मुलं जातात."

त्यांनी ते लिहून घेतलं.